वाघमारे साहेब आणि गार हवेचा प्रस्ताव

दुपारचे दोन वाजले, की आमच्या समोरच्या घराच्या गच्चीवरून खणखणीत आवाज यायचा, "बेचाळीस पूर्णांक सहा! सावलीत!" मग जरा थांबून, "उन्हात मोजण्याची आवश्यकता नाही! नोंद घ्यावी!"

नोंद घ्यायला खाली कुणी नसायचं. एखादं कुत्रं कोरड्या नालीत जीभ काढून पडलेलं असायचं, तेवढंच. पण वाघमारे साहेबांनी ही घोषणा एकाही दिवशी चुकवली नाही. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक थर्मामीटर असायचा. तापाचा नव्हे, हवेचा; लाकडी पट्टीवर बसवलेला. बँकेच्या रांगेत, लग्नाच्या हॉलात, न्हाव्याच्या खुर्चीत, कुठंही ते तो बाहेर काढत, डोळ्यांजवळ धरत आणि मान हलवत. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा बसण्याआधी त्यांनी तो सोफ्यावर ठेवला, पाच मिनिटं वाट पाहिली आणि म्हणाले, "मॅडम, आपल्या दिवाणखान्याचं तापमान अडतीस आहे. पश्चिमेची खिडकी आक्षेपार्ह आहे."

मी शाळेत मराठी शिकवते. पण आक्षेपार्ह खिडकी मला त्या दिवसापर्यंत भेटली नव्हती.

साहेब सरकारी पाण्याच्या खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले होते. चौतीस वर्षं फाइलींत गेल्यामुळे त्यांची भाषा फाइलीतच अडकून पडली होती. चहा हवाय का विचारलं तर "तत्त्वतः मान्य" म्हणायचे. साखर कमी असली तर "पुनर्विचारार्थ परत." मुलगी पुण्याला राहायची, तिचा फोन आला नाही की "तिकडचा अहवाल प्रलंबित आहे." आणि काकूंशी भांडण झालं की संध्याकाळी फाटकात उभं राहून मला सांगायचे, "सकाळचा विषय नस्तीबद्ध झाला." म्हणजे मिटला. काकू आतून ओरडायच्या, "काही मिटला नाही!"

ते दुष्काळाचे दिवस होते. आमच्या शहराला तेव्हा सगळे औरंगाबादच म्हणायचे, आणि ते चारी दिशांनी सुटलं होतं. गारखेड्यात आमच्या मागे काल-परवापर्यंत ज्वारीचं शेत होतं, तिथं सात मजली इमारत उठत होती आणि तिच्या फलकावर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'चोवीस तास पाणी'. त्या फलकाखाली आम्ही प्लास्टिकचे ड्रम लावून टँकरची वाट बघायचो. साहेब रोज तो फलक वाचायचे आणि म्हणायचे, "या विधानाला आधार काय?"

अशा दिवसांत, दिवाळी उलटल्यावर एका सकाळी, त्यांच्या दारात क्रेनला लटकून एक अँबॅसिडर आली.

आली म्हणायचं आपलं. चाकं होती, टायर नव्हते. रंग एके काळी पांढरा असावा. मागच्या सीटवर कोंबडीनं अंडी घातल्याच्या खुणा होत्या आणि डिकीत चांगलं हातभर लिंबाचं रोप उगवलं होतं. क्रेनवाल्यानं ती नेमकी आमच्या फाटकासमोर टेकवली.

"हे काय आहे?" माझ्या नवऱ्यानं विचारलं.

"मार्क थ्री," साहेब म्हणाले. आवाजात असा मान, की वाटावं आत कुणी मंत्री बसलाय. "आमच्या खात्याची. बावीस वर्षं सेवेत होती. लिलावात गेली, तिथनं हरवली. दोन वर्षं शोधत होतो. सिल्लोडजवळ एका शेतात सापडली."

"आणि आता हिचं काय करणार?"

"दुरुस्ती, रंग, आणि वातानुकूलन."

"एसी? ह्यात?"

"प्रस्ताव तत्त्वतः मान्य झाला आहे."

"पण कुणासाठी?"

साहेबांनी थर्मामीटर खिशात सरळ केला. "ते गोपनीय आहे."

काकू फाटकात उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मनीषा, ते लिंबाचं रोप तेवढं मला काढून दे बाई. ह्या सगळ्यात तेच एक जगण्यासारखं दिसतंय."

काकूंचा या गाडीवर जुना राग होता. साहेब नोकरीत असताना सरकारी गाडीत घरच्यांनी बसायचं नाही, हा त्यांचा नियम. काकू दोन पिशव्या घेऊन मंडईतून पायी यायच्या आणि बाजूनं ही गाडी साहेबांना घेऊन जायची. "आणि वर हात करायचे हो!" काकू सांगायच्या. "खिडकीतून! मला! जसं काही मी स्वागताला उभी आहे!"

मग अन्वर उस्ताद आले. रेल्वे स्टेशनच्या बाजूला त्यांचं गॅरेज होतं. जुन्या गाड्यांची हाडं ओळखणारा माणूस, असं साहेबांना कुणी तरी सांगितलं होतं. उस्तादांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेट उचललं, आत पाहिलं, बॉनेट परत ठेवलं आणि विचारलं, "साब, घर में सब ठीक है ना?"

इंजिन मात्र शाबूत निघालं. पत्रे बदलले, बुडाला वेल्डिंग झालं, सीटा नव्यानं भरल्या. रोज संध्याकाळी उस्ताद स्कूटरवरून यायचे आणि साहेब स्टुलावर बसून त्यांच्या कामाचं इतिवृत्त लिहायचे. 'आज रोजी डाव्या दाराची बिजागरी तपासण्यात आली. ती असमाधानकारक आढळली.' उस्तादांना मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून साहेब ते मोठ्यानं वाचून दाखवायचे. उस्ताद ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बहोत खूब, साब. अब पाना दो."

रेडिएटर धुवायचा होता तेव्हा खरी अडचण आली. टँकर पाच दिवसांनी येणार, आणि गाडीत पाणी ओतताना कुणी पाहिलं असतं तर गल्लीनं आम्हा सगळ्यांनाच धुतलं असतं. साहेबांनी मार्ग काढला. तिसऱ्या दिवशी ते जवळ आले तसा मी पदर नाकाला लावला, तेव्हा त्यांनीच खुलासा केला, "माझ्या दोन अंघोळी रेडिएटरकडे वर्ग करण्यात आल्या आहेत. तिसरी विचाराधीन आहे."

एसीचं निघाल्यावर उस्तादांनी आधी हात जोडले. "साब, ये गाडी नहीं, तवा है. तवे पे बरफ रखने कू बोल रै तुम." पण साहेब हटले नाहीत आणि हळूहळू उस्तादांनाही ते काम चढलं. कॉम्प्रेसर एका गाडीचा, गार हवेची पेटी दुसऱ्या गाडीची, पुढची जाळी तिसऱ्या गाडीची कापून बसवलेली. जुना डायनॅमो काढून अल्टरनेटर घातला, रेडिएटरसमोर विजेचा जादा पंखा लावला. छताला आतून लोकरीचा जाड नमदा चिकटवला, दारांच्या फटींत रबरी पट्ट्या कोंबल्या. त्यानंतर गाडीचं दार लावायला दोन माणसं लागू लागली. एक आतून ओढायला, एक बाहेरून ढकलायला.

मार्च उजाडता उजाडता पहिली चाचणी झाली. साहेबांनी बटण दाबलं. काहीतरी घुरघुरलं, इंजिन कण्हलं, आणि खरंच, पेटीतून गार झोत आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी आनंदानं हॉर्न दाबला. हॉर्न वाजला नाही, वायपर फिरले.

"नोंद घ्या," साहेब म्हणाले.

"ले ली, साब," उस्ताद म्हणाले आणि परत गाडीखाली शिरले.

आठ दिवसांनी हॉर्न हॉर्नासारखा वाजू लागला. साहेबांनी आत थर्मामीटर टांगला, काचा बंद करून अर्धा तास बसले आणि बाहेर येऊन जाहीर केलं, "बाहेर अडतीस, आत सव्वीस!" मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "चला मग साहेब, एक चक्कर मारून आणा आम्हाला."

साहेबांचा चेहरा उतरला. बूट बघत म्हणाले, "त्यात एक तांत्रिक अडचण आहे. मला गाडी चालवता येत नाही."

चौतीस वर्षं हा माणूस गाडीत मागे डाव्या बाजूला बसला होता. स्टिअरिंगला हात लावायची वेळ कधी आली नव्हती. आता चौसष्टाव्या वर्षी त्यांनी शिकाऊ परवाना काढला होता, आणि शेजारी परवानाधारक व्यक्ती बसणं आवश्यक होतं. गल्लीतल्या तीन परवानाधारकांना त्यांनी विचारून पाहिलं. दोघांना अचानक कंबरदुखी झाली. तिसरी मी.

रोज सकाळी सहाला आम्ही निघायचो. या गाडीचा गियर खाली नसून स्टिअरिंगच्या दांड्यालाच होता. असा गियर मीही आयुष्यात बघितला नव्हता, त्यामुळे शिकवणारी आणि शिकणारा यांत फार अंतर नव्हतं. साहेब वळण्याआधी हात दाखवायचे, दिवा लावायचे आणि शिवाय मला तोंडी कळवायचे, "डावीकडे वळणे प्रस्तावित आहे." तोवर वळण मागे गेलेलं असायचं.

"ब्रेक, साहेब! ब्रेक!"

"ब्रेकबाबत कार्यवाही चालू आहे!"

एकदा सूतगिरणी चौकाच्या अलीकडे टँकरसाठी लावलेल्या निळ्या ड्रमांच्या रांगेत ती कार्यवाही अपुरी पडली. अकरा ड्रम गडगडत गेले. रिकामे होते म्हणून आम्ही जिवंत राहिलो. बायका कमरेला पदर खोचून धावत आल्या. साहेब खाली उतरले, ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "चूक सर्वस्वी माझी आहे. ड्रम मूळ क्रमानं लावून देण्यात येतील." मूळ क्रम काय यावरून बायकांचंच आपसात जुंपलं. प्रत्येकीचा ड्रम आधी पहिला होता. साहेबांनी त्या रस्त्यावर वही काढून सगळ्यांचे जबाब घेतले. टँकर आला, पाणी देऊन गेला, आणि मला शाळेत लेट मार्क लागला.

त्या दिवशी मी वैतागले. दुपारी काकूंच्या गच्चीवर कुरडया घालायला गेले तेव्हा बोलूनच टाकलं. "काकू, साहेबांना गारच फिरायचं असेल तर भाड्यानं एसी गाडी घ्या ना. हा कसला हट्ट?"

काकूंनी सोऱ्या खाली ठेवला. "त्यांना स्वतःला कुठं फिरायचंय?" त्या म्हणाल्या. "रंगनाथला फिरवायचंय."

रंगनाथ म्हणजे या गाडीचा ड्रायव्हर. शेंद्र्याचा. साहेबांपेक्षा दोन वर्षांनी मोठा. बावीस वर्षं दोघं याच गाडीतून उन्हातान्हात फिरले. अशाच एका दुष्काळात, मे महिन्यात, वैजापूरकडच्या एका गावी दौरा होता. शाळेत बैठक होती. गाडीत टँकरच्या फाइली होत्या, म्हणून साहेब उतरताना म्हणाले, "रंगनाथ, गाडी सोडून जाऊ नको." बैठक तीन तास चालली. साहेब बाहेर आले तेव्हा रंगनाथ स्टिअरिंगवर डोकं टाकून पडला होता. अंग भट्टीसारखं, घाम नाही, हाक मारली तर ओ नाही.

"दवाखाना अठरा किलोमीटर," काकू म्हणाल्या. "गाडी दारात उभी, किल्ली लावलेली. अन् ह्यांना चालवता येत नाही. गावात पळत सुटले. कुणाचा तरी ट्रॅक्टर मिळेपर्यंत तास गेला. रंगनाथ वाचला. पण तेव्हापासून त्याला ऊन अजिबात सोसत नाही. होळी झाली की भर दिवसा दाराबाहेर पडला की भोवळ येते. हे दर पंधरा दिवसांनी त्याला भेटायला जातात, पण त्या दिवसाबद्दल दोघंही कधी बोलले नाहीत."

खाली गल्लीत साहेब कोरड्या फडक्यानं गाडी पुसत होते. फडकं फिरवताना ओठ हलत होते, बहुधा इतिवृत्त चालू असावं.

"आता त्याच्या नातीचं लग्न आहे, वैशाखात," काकू म्हणाल्या. "नवऱ्याकडचे फर्दापूरला करणार आहेत. हॉलात कूलर आहेत, प्रश्न वाटेचा आहे. मागं ह्यांनी त्याच्याकडे एसीची भाड्याची गाडी पाठवली होती, त्यानं हात जोडून परत पाठवली. म्हणाला, साहेबांनी माझ्यापायी खर्च करू नये. म्हणून हा खटाटोप. ह्या गाडीला तो नाही म्हणणार नाही."

"मग पहाटे गारव्यात नेता येईल की."

"तेच मी म्हटलं. तर म्हणाले, त्याला लपवून नेल्यासारखं नेणार नाही. नातीच्या लग्नाला माणूस दिवसाउजेडी जातो, तसाच तो जाईल."

मी कुरडया घालत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पाच मिनिटं कमी असताना मीच साहेबांच्या फाटकात जाऊन उभी राहिले.

एप्रिलच्या शेवटी साहेबांना पक्का परवाना मिळाला. पेढे वाटताना ते प्रत्येकाला तो दाखवत होते. त्यावरच्या फोटोत ते अटक झाल्यासारखे दिसत होते.

लग्नाच्या दिवशी काकूंनी मला जबरदस्तीनं बरोबर घेतलं. "परवाना मिळालाय, पण माझा जीव एकच आहे," त्या म्हणाल्या. आम्ही शेंद्र्याला पोहोचलो तेव्हा साडेआठ वाजले होते. घरचे सगळे आदल्या दिवशीच पुढे गेलेले. रंगनाथराव एकटेच ओसरीच्या सावलीत उभे होते. नवं धोतर, डोक्याला ओला पंचा. किडकिडीत माणूस. गाडी बघून ते पुढे आले, बॉनेटवर तळहात ठेवला, मडगार्डवरून फिरवत नेला आणि सवयीनं ड्रायव्हरच्या दाराशी गेले. तिथं साहेब बसलेले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

साहेब उतरले, वळसा घालून गेले आणि मागचं डावं दार उघडून उभे राहिले. "बसा," ते म्हणाले.

रंगनाथरावांनी मागे वळून पाहिलं. साहेब कुणाला बसा म्हणाले ते त्यांना कळेना. मागे फक्त एक शेळी होती.

"साहेब, तितं म्या कसा बसू? ती तुमची जागा हाय."

"हा आदेश समजा, रंगनाथराव."

'राव' ऐकून ते आणखीच गोंधळले, पण बसले. काकू शेजारी बसल्या, मी पुढे. मी आणि साहेबांनी मिळून दार लावलं.

शेंद्र्याहून शहरापर्यंत रंगनाथराव काचेला नाक लावून होते. दोन्ही बाजूंना कारखाने, शोरूम, नवे पूल. बऱ्याच वर्षांनी ते हा रस्ता बघत होते. "हितं आमराई व्हती," एवढंच म्हणाले. पण शहर ओलांडून हर्सूल मागं पडलं आणि त्यांच्यातला ड्रायव्हर जागा झाला. "साहेब, क्लचवर पाय ठिवू नका." "साहेब, खड्डा हाय, उजवीकडनं घ्या." "साहेब, दुसऱ्यात टाका की, तिसऱ्यात का ओरडायला लावता तिला?" साहेब प्रत्येक सूचनेला "होय" म्हणत होते. चौतीस वर्षं लोकांनी त्यांना होय म्हटलं होतं. उलटं झालेलं त्यांना आवडत असावं, कारण मान डोलत होती.

चौक्याचा घाट लागला आणि तापमानाचा काटा उठला. उस्तादांनी बजावून ठेवलं होतं, 'चढाव पे एसी बंद करना, साब, नै तो इंजिन उबल जाएगा.' काटा लाल रेघेच्या जवळ गेला. मी साहेबांकडे पाहिलं. त्यांचा हात बटणाकडे जाईना.

"साहेब, एसी," मी हळूच म्हटलं.

"नाही."

मागून रंगनाथराव पुढे झुकले. "साहेब, इंजिन तापलंय. आवाज येतोय मला. बंद करा ते गारगार."

"नाही. तुम्हाला त्रास होईल."

"आन् गाडी बंद पडली म्हंजी? मंग समदेच उनात."

साहेबांनी बटण बंद केलं. चढ जेमतेम चार-पाच मिनिटांचा, पण त्या मिनिटांत साहेबांनी रस्त्यापेक्षा आरशातच जास्त पाहिलं. मी रस्ता सांगत होते, काकू पंचावर बाटलीतलं पाणी शिंपडत होत्या. रंगनाथराव डोळे मिटून बसले होते. वर सपाटीला आलो, काटा उतरला, साहेबांनी बटण दाबलं. गार झोत आला तसे रंगनाथरावांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "चवथा टाका आता." तेव्हा साहेबांचे खांदे खाली आले. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

आम्ही फर्दापूरला पोहोचलो तेव्हा मुहूर्ताला अर्धा तास होता. नवरी आजोबांना बघून बोहल्याकडे जायची थांबली आणि सगळ्यांसमोर रडायला लागली. तिची आई म्हणत होती, "काजळ, अगं काजळ!" रंगनाथरावांना अगदी पुढच्या कूलरजवळची खुर्ची मिळाली. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. त्यांनी टाकलेल्या अक्षता नवरीपर्यंत पोहोचल्या नाहीत, भटजींवर पडल्या.

जेवायची गडबड सुरू झाली तेव्हा लक्षात आलं, साहेब कुठं दिसत नाहीत. मी बाहेर आले. ऊन नुसतं पांढरं झालं होतं. हॉलच्या भिंतीला लागून गाडी उभी होती आणि इंजिन चालू होतं. आत साहेब एकटे बसले होते, एक पाय पुढे ताणून.

मी मागचं दार ओढून आत शिरले.

"लवकर लावा," ते म्हणाले. "गार हवा जाते."

"साहेब, जेवायला चला. इथं काय करताय?"

"उभी असली की एसीचा भार इंजिनाला पेलत नाही, बंद पडते. अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबून धरावा लागतो. ते निघतील तेव्हा आत गार असायला हवी."

"कधीपासून धरलाय?"

"अक्षता पडल्यापासून."

मी काही बोलणार तोच पुढचं डावं दार उघडलं. डोक्यावर ओला पंचा घेऊन रंगनाथराव आत आले, साहेबांच्या शेजारी बसले आणि दार खणकन एका झटक्यात ओढून घेतलं. ज्याला आम्ही दोघं लागायचो ते त्यांना एकट्याला जमलं.

"पंगत बसली. तुमी कुठं गेले म्हनून बगायला आलो."

साहेब समोर बघत होते. मग ते म्हणाले, "त्या दिवशी मी तुम्हाला गाडी सोडू नका म्हणालो होतो."

त्या वाक्यात फाइलीतला एकही शब्द नव्हता. मी मागे अंग चोरून बसले.

"व्हय," रंगनाथराव म्हणाले.

"मी आत पंख्याखाली होतो. तीन तास. एकदाही बाहेर येऊन बघितलं नाही."

रंगनाथरावांनी पंचा काढून मांडीवर घेतला, घडी केली, पुन्हा उलगडला. "एक सांगू का साहेब? मला आदल्या रातीपासनंच ताप व्हता. घरची म्हनत व्हती, नगा जाऊ. म्या तुमाला बोललो नाय. बोललो असतो तर तुमी दौराच रद्द केला असता, आन् त्या गावचा टँकर आठ दिस लांबला असता. लई हाल व्हते तितं लोकांचे."

साहेब वळले. "खरं सांगताय?"

"आता ह्या वयात खोटं बोलून मला काय बढती मिळनार हाय?"

ते खरं होतं की नाही, मला अजून माहीत नाही. नंतर एकदा मी काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "तू कशाला विचारतेस? मीही विचारलं नाही." पण त्या क्षणी साहेबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसायला घेतला आणि पुसतच राहिले. डाव्या काचेवर काहीही नव्हतं. उजवीवरही नव्हतं.

"चला आता," रंगनाथराव म्हणाले. "बुंदी संपंल."

"पण पाय काढला तर गाडी बंद पडेल."

"म्याडम बसतील की. म्याडम, या म्होरं."

मी मागून उतरून साहेबांच्या दाराशी गेले. साहेबांनी पाय उचलायच्या आत मी माझा टेकवला. इंजिन जरा अडखळलं, मग लागलं. दोघं बाहेर पडले. रंगनाथरावांनी पंचा डोक्यावर घेतला, साहेबांकडे पाहिलं, आणि एक टोक त्यांच्याही डोक्यावर ओढलं. साहेब बरेच उंच, त्यामुळे त्यांना वाकावं लागलं. तसेच वाकून, एका पंचाखाली, ते दोघं हॉलच्या दाराकडे निघाले. "दगड हाय साहेब, जपून," असं काही तरी रंगनाथराव म्हणाले असावेत, कारण साहेबांनी एक पाय उंच उचलून टाकला.

गार झोत माझ्या गुडघ्यांवर येत होता. पोटरीत गोळा यायला लागला होता, पण मी पाय तसाच धरून ठेवला. त्यांची पंगत आत्ताशी बसत होती.